मैत्री, व्रत आणि घर



तरुण वयात एकत्र आलेले काही मित्र पुढच्या पिढीच्या शिक्षणासाठी, स्वतःच्या लाभाचा विचार बाजूला ठेवून, एखादी संस्था काढतात आणि घरातून मिळालेले संस्कार व मनातली श्रद्धा यांच्या आधारावर ती उभी करू पाहतात, तेव्हा नेमके काय घडते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. महाराष्ट्रात अशा संस्थांची वाण नाही. त्यांचे सुवर्णमहोत्सव होतात, शतकमहोत्सव होतात, स्मरणिका निघतात, आणि प्रत्येक स्मरणिकेत संस्थापकांच्या मैत्रीचे गोडवे गायलेले असतात. परंतु मैत्री संस्थेला नक्की काय देते आणि काय देऊ शकत नाही? श्रद्धा ही संस्थेची ताकद ठरते की तिची सीमा? संस्थापकांच्या त्यागाचे वर्णन करताना त्यांच्या घरातल्या माणसांची नोंद कोठे होते? हे प्रश्न स्मरणिकांत सहसा आढळत नाहीत. गौरवाच्या प्रसंगी ते विचारणे शिष्टाचाराला धरून नसते, हे त्याचे एक कारण असावे.

या प्रश्नांच्या उत्तरासाठी येथे प्रामुख्याने दोन मित्रमंडळांचा विचार करावयाचा आहे. पहिले सोळाव्या शतकातील पॅरिसचे, ज्यातून जेझुइट हा कॅथलिक धर्मसंघ जन्माला आला. दुसरे एकोणिसाव्या शतकातील पुण्याचे, ज्यातून न्यू इंग्लिश स्कूल, डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. देश वेगळा, काळ वेगळा, धर्मही वेगळा. मग ही जोडी कशासाठी? ही जोडी व्याख्यानाच्या सोयीसाठी जुळवलेली नाही. पुण्याच्या मित्रांपुढे जेझुइटांचा आदर्श होता, असे बाळ गंगाधर टिळकांनी स्वतःच आपल्या राजीनामापत्रात लिहून ठेवले आहे. प्रतिपादन थोडक्यात असे मांडता येईल की, संस्था मैत्रीतून सुरू होते, व्रतामुळे टिकते, आणि त्या व्रताचा भार अखेर घरावर पडतो. म्हणून ज्या संस्थेने या तिन्हींचा विचार केला नाही, तिच्यात फूट पडण्याचे बीज आरंभापासूनच असते.

प्रथम मैत्रीचा विचार करू.

इग्नेशियस लोयोला हा मूळचा स्पेनमधील बास्क प्रांताचा सरदारपुत्र. १५२१ साली पाम्प्लोना येथील लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय जायबंदी झाला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्याच्या आयुष्याची दिशा बदलली. तिशी उलटल्यावर तो लहान मुलांच्या शेजारी बसून लॅटिन शिकला आणि १५२८ साली पॅरिसच्या विद्यापीठात दाखल झाला. तेथे सेंट बार्ब या महाविद्यालयात त्याच्या खोलीत दोन तरुण राहत होते: साव्हॉय प्रांतातील मेंढपाळ घरातला पीटर फेबर आणि नवारच्या सरदार घराण्यातला फ्रान्सिस झेव्हियर. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र टेकडीवरच्या एका लहानशा प्रार्थनास्थळात सात मित्रांनी दारिद्र्य आणि ब्रह्मचर्य यांची शपथ घेतली. हे मित्र स्वतःला ईश्वराच्या ठायी जोडलेले मित्र म्हणवून घेत. पुढे १५४० मध्ये पोप तिसरा पॉल याने त्यांच्या संघाला मान्यता दिली आणि १५४८ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे, संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी, त्यांचे पहिले मोठे विद्यालय निघाले. म्हणजे मैत्री आधी, संघ नंतर आणि शिक्षणसंस्था त्याही नंतर, असा हा क्रम आहे.

पुण्यातील क्रमही फारसा वेगळा नाही. टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर या दोघांचाही जन्म १८५६ च्या जुलै महिन्यातला. आगरकरांचा कराडजवळच्या टेंभू गावचा, तर टिळकांचा रत्नागिरीचा. टिळकांची शिक्षकाच्या घरातली बऱ्यापैकी स्थिती, आगरकरांची कमालीची गरिबी. दोघांची गाठ डेक्कन कॉलेजात पडली, आणि सरकारी नोकरी न पत्करता शिक्षणाच्या कामाला वाहून घ्यावयाचे, हा निश्चय त्यांच्या तेथील चर्चांतून पक्का झाला. त्याच सुमारास ‘निबंधमाला’कार विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी सरकारी शिक्षकाची नोकरी सोडली होती. १८८० च्या जानेवारीच्या आरंभी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. चिपळूणकर आणि टिळक आरंभापासून होते, महादेव बल्लाळ नामजोशी आणि वामन शिवराम आपटे लवकरच येऊन मिळाले आणि एम. ए. ची परीक्षा देऊन आगरकरही दाखल झाले. पुढच्याच वर्षी, १८८१ च्या जानेवारीत, याच मंडळींनी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे काढली.

या मंडळात एकाचा गुण दुसऱ्यासारखा नव्हता, आणि येथेच मैत्रीचे संस्थेला मिळणारे पहिले देणे दिसते. चिपळूणकरांची लेखणी, टिळकांचे गणित आणि चिकाटी, आगरकरांची तर्कनिष्ठा, आपट्यांचे संस्कृत आणि शाळा चालविण्याची हातोटी, नामजोशींचा खटपटी स्वभाव आणि बड्या लोकांत असलेला वावर, यांतले एकही कौशल्य एकट्याने शाळा उभी करू शकले नसते. जाहिरात देऊन, अर्ज मागवून, मुलाखती घेऊन अशी माणसे जमवता आली असती काय? आली असती, असे मानले तरी त्यांना तुटपुंज्या मोबदल्यावर, भवितव्याची कसलीही खात्री नसताना, एकत्र ठेवणे कोणत्या नेमणूकपत्राला साधले असते? ज्या काळात संस्थेजवळ पैसा नसतो, इमारत नसते, नावलौकिक नसतो, त्या काळात संस्थेजवळ असलेले एकमेव भांडवल म्हणजे परस्परांवरचा विश्वास, आणि ते भांडवल मैत्रीतूनच येते.

मैत्रीचे दुसरे देणे संकटात कळते. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावरील लेखनाबद्दल अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर या दोघांना चार महिन्यांची साध्या कैदेची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी काढलेल्या दिवसांवर आगरकरांनी पुढे ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशे एक दिवस’ हे पुस्तक लिहिले. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात चिपळूणकर अवघ्या एकतिसाव्या वर्षी निवर्तले होते. म्हणजे शाळा सुरू होऊन पुरती तीन वर्षेही झाली नव्हती, तोच मंडळातला ज्येष्ठ गेला आणि दोन खांब तुरुंगात. तरीही शाळा चालली. ज्यांची मैत्री तकलादू असते, त्यांची शाळा अशा वर्षी बंद पडते.

मात्र मैत्रीला एक मर्यादा आहे आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मित्र सहसा आपल्यासारख्यांतूनच निवडले जातात. पुण्याच्या या मंडळातील प्रमुख माणसे एका जातीची आणि एका विद्यापीठीय परंपरेतली होती, त्यामुळे त्यांच्या शाळेच्या दाराशी कोण येणार, हेही पुष्कळ अंशी ठरून गेले. याच पुण्यात, बत्तीस वर्षे आधी, १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांच्या पाठीशी सदाशिव बल्लाळ गोवंड्यांसारखे ब्राह्मण मित्र आणि फातिमा शेख यांच्यासारख्या सहकारी होत्या. ती मैत्री जातीची आणि धर्माची रेषा ओलांडून झालेली होती, म्हणून त्या शाळेचे दारही निराळ्या मुलांकडे उघडले. संस्थापकांचे मित्रमंडळ जेवढे रुंद, तेवढाच त्यांच्या संस्थेचा आरंभीचा आवाका. हा नियम कठोर आहे, पण तो वारंवार खरा ठरलेला दिसतो.

आता दुसरा मुद्दा, व्रताचा.

मित्र म्हातारे होतात, दूर जातात, रुसतात, मरतात. संस्थेला त्यांच्यानंतरही जगायचे असते. त्यासाठी मित्रांमधला अलिखित विश्वास लिखित बंधनात उतरवावा लागतो, आणि या बंधनालाच येथे व्रत म्हटले आहे. व्रत म्हणजे स्वतःहून स्वीकारलेले, सर्वांसमोर उच्चारलेले आणि स्वतःच्या सोयीनुसार मागे न घेता येणारे बंधन. जेझुइटांनी दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही जुनी संन्यस्त व्रते घेतलीच, शिवाय पोप जेथे पाठवील तेथे जाण्याचे चौथे व्रतही जोडले. इग्नेशियसने आयुष्याची अखेरची वर्षे संघाची घटना लिहिण्यात घालवली आणि जगभर पांगलेल्या सदस्यांनी पत्रे पाठवत राहावे, अशी व्यवस्था लावून दिली. झेव्हियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्याला पोहोचला आणि त्याची व इग्नेशियसची पुन्हा भेट झाली नाही. त्याने सोबत्यांच्या पत्रांतील सह्या कापून त्या गळ्याजवळ बाळगल्या होत्या. भावना अशी जपली जाते, परंतु संस्था जपली गेली ती घटनेमुळे. १५५६ साली इग्नेशियस वारला, तेव्हा संघात सुमारे हजार माणसे होती, आणि त्यांतली बहुतेक त्या मोंमार्त्रच्या टेकडीवर कधीही उपस्थित नव्हती.

पुण्याच्या मित्रांनी हीच गोष्ट आपल्या परीने केली. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी, मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव दिलेले कॉलेज सुरू झाले. या रचनेचा कणा होता आजीव सभासद. आजीव सभासद म्हणजे संस्थेत किमान वीस वर्षे शिकविण्याचे वचन देणारा शिक्षक, ज्याला दरमहा ७५ रुपयांच्या आसपासचे ठरीव वेतन आणि आयुष्याच्या विम्याचे संरक्षण मिळे, आणि ज्याला संस्थेच्या कारभारातही अधिकार असे. त्या काळी विश्वविद्यालयाच्या पदवीधराला सरकारी नोकरीत याहून कितीतरी पुढे जाण्याची वाट मोकळी होती, हे ध्यानात घेतले तर या वचनाचे वजन कळते. मालक वेगळा आणि नोकर वेगळा, ही विभागणीच येथे पुसली गेली होती. जे शिकवत होते तेच संस्था चालवत होते, आणि जे चालवत होते त्यांना तिच्यातून श्रीमंत होता येत नव्हते.

येथे श्रद्धेचा प्रश्न समोर येतो. हे व्रत धार्मिक होते काय? जेझुइटांचे निःसंशय होते. पुण्याच्या मंडळात मात्र चित्र गुंतागुंतीचे आहे. टिळक परंपरेविषयी आदर बाळगणारे होते; पुढे १९०८ साली बार्शी येथे राष्ट्रीय शिक्षणाविषयी बोलताना त्यांनी धर्मशिक्षणाला त्यात स्थान दिले, आणि मंडालेच्या तुरुंगात गीतेवरचा ग्रंथ लिहून कर्मयोगाची मांडणी केली. आगरकर मिल आणि स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञांच्या विचारांवर पोसलेले, बुद्धीच्या कसोटीवर न उतरणारी रूढी सोडून द्यावी असे म्हणणारे, आणि ईश्वराविषयी अज्ञेयवादी, म्हणजे ईश्वर आहे की नाही हे माणसाला निश्चित कळू शकत नाही, अशी भूमिका घेणारे. एकाच शाळेच्या एकाच शिक्षकवर्गात ही दोन टोके. तरीही दोघांनी घेतलेले व्रत एकच होते! त्याग, साधेपणा, दिलेल्या शब्दाशी एकनिष्ठा आणि ज्ञानदानाविषयीची पूज्यबुद्धी ही मूल्ये एकाने धर्मातून घेतली आणि दुसऱ्याने विवेकातून, पण रोजच्या वर्गात, पगाराच्या दिवशी आणि हिशेबाच्या वहीत त्यांचा आकार सारखाच दिसत होता.

यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. संस्थेला समान आचार अनिवार्य असतो, समान श्रद्धा अनिवार्य नसते. श्रद्धा माणसाला व्रतापर्यंत आणून पोहोचवते, तिचे हे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु संस्था सर्वांकडून एकाच श्रद्धेची मागणी करू लागली, तर ती विद्यादानाचे काम सोडून माणसांच्या मनांवर पहारा ठेवू लागते. गोव्याचा इतिहास याला साक्षी आहे. तेथील सेंट पॉल महाविद्यालयात १५५६ साली भारतातला पहिला छापखाना आला, आणि पुढे गोव्यातल्याच जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स याने मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले; हे त्या संघाचे विद्याप्रेम. परंतु त्याच गोव्यात, इन्क्विझिशन म्हणजे लोकांच्या धर्मनिष्ठेची चौकशी करून शिक्षा देणारे न्यायासन, १५६० साली सुरू झाले, आणि ते स्थापावे अशी विनंती खुद्द झेव्हियरने पोर्तुगालच्या राजाला पत्राने केली होती. मूल्यांवर आधारलेली संस्था असे जेव्हा अभिमानाने म्हटले जाते, तेव्हा ती मूल्ये संस्थाचालकाने स्वतःवर लादून घेतलेली आहेत की दुसऱ्यावर लादलेली आहेत, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पहिल्या प्रकाराला व्रत म्हणतात. दुसऱ्याला जुलूम.

तिसरा मुद्दा घराचा, आणि या विषयातील सर्वांत दुर्लक्षित बाजू हीच आहे.

जेझुइटांच्या आदर्शाचा स्वीकार करताना पुण्याच्या मित्रांनी त्यातील एक अंग घेतले नाही, घेणे शक्यही नव्हते. ते म्हणजे ब्रह्मचर्य. जेझुइटाला दारिद्र्याचे व्रत पाळताना बायको नसते, मूल नसते, म्हातारी आई त्याच्या पगाराकडे डोळे लावून बसलेली नसते. त्याचे अन्न, वस्त्र, आजारपण आणि वार्धक्य संघ सांभाळतो. पुण्याचे शिक्षक मात्र संसारी होते. त्यांनी संन्याशाचे व्रत गृहस्थाश्रमात आणले. हा प्रयोग धाडसी होता आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांची संमती कोणी विचारली नव्हती. आगरकरांनी आईला लिहिलेल्या पत्राचा उल्लेख त्यांच्या चरित्रांतून नेहमी येतो: मुलगा मोठ्या परीक्षा देत आहे, तेव्हा आता मोठ्या पगाराची नोकरी लागून आपले दिवस पालटतील, अशी आशा आईने धरू नये, पोटापुरत्यावर समाधान मानून लोकहितासाठी आयुष्य वेचण्याचा आपला निश्चय आहे, असा त्या पत्राचा आशय आहे. या पत्राकडे आजवर मुलाच्या बाजूने पुष्कळदा पाहिले गेले. आईच्या बाजूने किती वेळा पाहिले गेले? दारिद्र्यात मूल वाढवून, त्याच्या शिक्षणाचा शेवट गाठल्यावर, ज्या स्त्रीला हे पत्र मिळाले, ती त्या शाळेची पहिली देणगीदार नव्हे काय?

डेक्कन एज्युकेशन सोसायटीत फूट पडली ती कोठे, हे पाहिले म्हणजे घराच्या प्रश्नाचे महत्त्व स्पष्ट होते. टिळक आणि आगरकर यांच्यातील वाद सामाजिक सुधारणेवरचा होता, अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि ती खोटी नाही. त्या वादापायी १८८७ साली आगरकरांनी ‘केसरी’चे संपादकपद सोडले आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढले. पण वृत्तपत्रे दोन झाली म्हणून शाळा दोन होण्याचे कारण नव्हते, आणि झाल्याही नाहीत. सोसायटीच्या आतला वाद वेगळ्या प्रश्नांवर होता. आजीव सभासदाचे वेतन वाढवावे की नाही? कोणाची गरज जास्त असेल तर त्याला जास्त द्यावे काय? बाहेरून पैसा किंवा देणगी आली तर ती व्यक्तीची की संस्थेची? आजीव सभासदाने संस्थेबाहेर दुसरी जबाबदारी घ्यावी की नाही? टिळकांची भूमिका अशी होती की व्रत म्हणजे व्रत; सर्वांना सारखे, कमीत कमी, आणि सारा वेळ व सारी मिळकत संस्थेची. आगरकर आणि त्यांच्या बाजूचे सभासद यांचे म्हणणे असे की, माणसे संसारी आहेत, गरजा वाढतात, संस्थेचे काम नीट केल्यावर उरलेल्या वेळावर सभासदाचा हक्क आहे. १८९० मध्ये आजीव सभासद गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभा या पुण्यातील राजकीय संस्थेचे चिटणीसपद स्वीकारले, तेव्हा हा वाद शिगेला पोहोचला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस टिळकांनी सविस्तर राजीनामापत्र देऊन संस्था सोडली. जेझुइटांच्या आदर्शाचा उल्लेख आहे तो याच पत्रात.

या वादात कोणाची बाजू न्याय्य होती? निवाडा देणे सोपे नाही. टिळकांचे म्हणणे तर्काला धरून होते, कारण व्रतात एकदा सवलत शिरली की सवलतीला शेवट राहत नाही. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे जीवनाला धरून होते, कारण दम्याने ग्रासलेल्या आणि तुटपुंज्या मिळकतीत प्रपंच ओढणाऱ्या आगरकरांना, थोडी इस्टेट पाठीशी असलेल्या माणसाची समता परवडणारी नव्हती. (सारखे वेतन हे सारखे ओझे असतेच असे नाही, हे संस्थांच्या घटना लिहिणाऱ्यांनी आजही लक्षात ठेवण्यासारखे आहे.) महत्त्वाचे ते हे की, ईश्वर आहे की नाही या प्रश्नावर ज्या मित्रांची ताटातूट झाली नाही, ते घरखर्चाच्या प्रश्नावर दुरावले. श्रद्धेतले अंतर मैत्रीने सोसले. व्रताच्या अर्थातले अंतर तिला सोसवले नाही. आणि व्रताचा अर्थ धूसर राहिला होता, कारण संन्याशांसाठी घडवलेला साचा गृहस्थांना लावताना घराचे काय करायचे, हे कोणी आरंभी ठरवलेच नव्हते.

मग संस्था मोडली काय? नाही, आणि चौथा मुद्दा हाच आहे: मित्र दुरावल्यानंतरही संस्था का उरली?

टिळक गेल्यावर गणित शिकवण्यासाठी माणूस हवा होता. गोखल्यांनी आपले एल्फिन्स्टन कॉलेजातील सहाध्यायी धोंडो केशव कर्वे यांना बोलावले आणि १८९१ मध्ये कर्वे फर्ग्युसनमध्ये आले. १८९२ साली प्राचार्य आपटे वारले, तेव्हा आगरकर प्राचार्य झाले आणि १८९५ च्या जूनमध्ये, वयाची चाळिशीही न गाठता, तेही गेले. टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. म्हणजे पंधरा वर्षांत संस्थापकांपैकी चिपळूणकर, आपटे आणि आगरकर मृत्यूने नेले, आणि टिळक मतभेदाने. तरी गोखल्यांनी १९०२ पर्यंत आपली मुदत पुरी केली, केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले येऊन सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मोठ्या पगाराच्या जागा दूर सारून त्याच वर्षी प्राचार्य झाले, आणि संस्था वाढतच गेली. १९१९ मध्ये सांगलीला विलिंग्डन कॉलेज निघाले. संस्थापकांची मैत्री तुटली, पण तिच्यातून घडलेला आजीव सभासदत्वाचा नियम तुटला नव्हता. ज्यांनी डेक्कन कॉलेजातल्या त्या चर्चा ऐकल्या नव्हत्या, तेही त्या नियमात शिरू शकत होते. पुढे १९०५ साली गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा अल्प वेतनावर आयुष्य वाहण्याच्या याच कल्पनेला त्यांनी राजकीय व सामाजिक सेवेचे रूप दिले. व्रताचे यश यात आहे की ते मित्रांपासून अनोळखी माणसांपर्यंत पोहोचते.

परंतु घराचा प्रश्न कोणी सोडवला काय? या दृष्टीने कर्व्यांचे काम विशेष अभ्यसनीय आहे. नरहरपंत जोशी हे त्यांचे मित्र. मुंबईत दोघांची कुटुंबे एकत्र राहत असत. या मित्राची विधवा बहीण गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली, आणि पहिल्या पत्नीच्या निधनानंतर, १८९३ साली, कर्व्यांनी तिच्याशी विवाह केला. कर्व्यांच्या मुरूड गावच्या गावकीने त्यांना वाळीत टाकले. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याला नेला, आणि गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले या त्या कामाच्या आधारस्तंभ झाल्या. येथे मित्राचे घर, स्वतःचे घर आणि संस्था यांच्यातली भिंतच उरली नाही. पुण्याच्या पहिल्या मंडळात घर संस्थेच्या बाहेर राहून सोसत होते. कर्व्यांच्या प्रयोगात घर संस्थेच्या आत आले आणि कामाचे भागीदार झाले. १९०८ साली त्यांनी निष्काम कर्म मठ स्थापन केला, तेव्हा संन्यस्त परंपरेतला मठ आणि गीतेतली फलाशा सोडून कर्म करण्याची कल्पना या दोन्ही गोष्टी त्यांनी स्त्रीशिक्षणाच्या कार्यकर्त्यांसाठी वापरल्या. स्वतः कर्वे कर्मकांडात रमणारे नव्हते. श्रद्धेची चौकट जुनी, तिच्यातले काम नवे, आणि त्या चौकटीत स्त्रियांनाही स्थान. हे तिन्ही एकत्र आले.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. १९१९ साली कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात छत्रपती शाहूंच्या नावाचे वसतिगृह निघाले, जेथे निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत, एकत्र राबत आणि एकत्र शिकत. जैन घरातले संस्कार आणि सत्यशोधक विचार, दोन्हींची छाप भाऊरावांवर होती. पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही दिले. येथे कुटुंब म्हणजे रक्ताचे नाते, ही व्याख्याच ओलांडली गेली. कुटुंबात जे मिळते, म्हणजे वेळेवर अन्न, आजारपणात माया आणि चुकल्यावर धाक, ते ज्या मुलांना घरी मिळण्याची सोय नव्हती त्यांना संस्थेने दिले. परंतु येथेही प्रश्न उरतोच: लक्ष्मीबाईंच्या त्यागाला संस्थापकाच्या त्यागाइतकीच मान्यता मिळाली काय? आजीव सभासदाच्या वचनाखाली त्याची सही असे. त्याच्या घरातील बाईच्या वचनासाठी कोणत्याही कागदावर जागा नव्हती.

आता समारोप. आजही महाराष्ट्रात, शहरांत आणि खेड्यांत, शाळकरी वयापासूनचे मित्र एकत्र येऊन मुलांसाठी अभ्यासिका, वसतिगृहे, संस्कारवर्ग आणि शिष्यवृत्तीचे न्यास काढतात. न्यास म्हणजे एखाद्या कामासाठी वेगळी काढून विश्वस्तांच्या हाती सोपवलेली मालमत्ता. ती विश्वस्तांची स्वतःची नसते, हे कायदा सांगतो, पण ते मनाने मानणे हे कायद्याच्या हाताबाहेरचे आहे. अशा मित्रांसाठी या इतिहासातून चार गोष्टी निघतात. मैत्रीवर विसंबून काम सुरू करावे, पण मित्रमंडळाबाहेरचा, वेगळ्या जातीचा, वेगळ्या मताचा माणूस आत कसा येईल, याची वाट पहिल्याच दिवशी आखावी. व्रत लिहून ठेवावे, आणि पैसा, वेळ व बाहेरची जबाबदारी यांविषयीचे नियम मैत्री गोड असतानाच ठरवावेत, कारण ती आंबल्यावर ठरवलेला प्रत्येक नियम कोणाच्या तरी विरुद्ध असतो. श्रद्धेने स्वतःला बांधून घ्यावे, विद्यार्थ्याला बांधू नये. शिक्षकाचे आचरण पाहून मुलाने जे मूल्य उचलले, तेच त्याच्यापाशी राहते. आणि घराला विचारावे. पत्नीला, पतीला, आईवडिलांना, मुलांना विचारावे. त्यांच्या वाट्याला येणारे ओझे संस्थेच्या हिशेबात धरावे आणि त्यांना श्रेयातही वाटा द्यावा.

कुटुंब आणि श्रद्धा यांचा मूल्ये म्हणून जयघोष करणे सोपे आहे. ज्या संस्थेतल्या शिक्षकाला आपल्या घरी वेळेवर जाता येत नाही, तिने कुटुंबाचे महत्त्व शिकवू नये. ज्या संस्थेचा हिशेब चारचौघांत उघडता येत नाही, तिने श्रद्धेचे नाव घेऊ नये. टिळक आणि आगरकर यांच्यापैकी कोणाची मते बरोबर, हा वाद चालूच राहील. पण त्या दोघांनी दिलेला शब्द खरा होता आणि तो त्यांना महाग पडला, याविषयी वाद नाही. मित्रांनी काढलेल्या कोणत्याही संस्थेची पारख करताना हीच कसोटी लावावी, एवढेच या व्याख्यानाचे सांगणे आहे.